मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल? आधी जळालेली मोटार उघडून बघा

मे महिना लागला की माझा फोन सुरू होतो. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, कुठून कुठून नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीचे लोक विचारतात, "लेकराला मेकॅनिकलला टाकावं का इलेक्ट्रिकलला?" मी स्वतः मेकॅनिकलचा. वाळूजच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं झाली. माझ्या खात्यात दोन्ही ब्रँचची माणसं आहेत आणि बंद पडलेल्या मशीनपुढे आम्ही रोज एकत्र उभे असतो. फोनवर पाच मिनिटांत या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, आजी म्हणायलीय इलेक्ट्रिकल घे, लाईटच्या ऑफिसात नोकरी लागंल. पप्पा म्हणायलेत मामासारखं मेकॅनिकल घे. मला तर काहीच कळंना." सीईटी होऊन गेली होती, निकाल लागायचा होता. मी तिला विचारलं, "वावरातली मोटार जळालीय ना? भरायला कधी नेणार?" म्हणाली, उद्या. म्हटलं, "तू पण जा सोबत. ब्रँचचं नंतर बघू."

जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान माझ्या वर्गमित्राचं, मानवतला. दारात पंधरावीस सबमर्सिबल मोटारी रांगेनं उभ्या, आत वार्निशचा वास. भाचीबरोबर शेजारचा एक मुलगाही गेला, त्याचीही सीईटी झालेली होती. वर्गमित्रानं आमच्या ५ एचपीच्या मोटारीचे बोल्ट सोडले, रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ओढून बाजूला ठेवला आणि स्टेटर, म्हणजे तारेच्या कॉइली बसवलेला बाहेरचा स्थिर भाग, उन्हात धरला. दोन फेजच्या कॉइलींवरचं प्लॅस्टिक वितळून काळ्या गुठळ्या झाल्या होत्या. तिसऱ्या फेजची तार मात्र जशीच्या तशी, चांगली. "डीपीवरचा एक फ्यूज उडाला असंल," तो म्हणाला. "मोटार दोन फेजवर चालत राहिली आणि गेली."

संध्याकाळी भाचीचा फोन: "मामा, एक फेज गेल्यावर मोटार बंद का नाही पडली? बंद पडली असती तर वाचली असती की!" मी तिला सांगितलं ते असं. मोटार आधीच फिरत असेल तर दोन फेजवरही ती फिरत राहते. पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग उरलेल्या दोन फेजना जवळजवळ पावणेदोनपट करंट ओढावा लागतो. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे सुमारे तिप्पट. म्हणून स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात, एक फेज गेली की तो मोटार बंद करतो. तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला: "आणि बंद मोटार दोन फेजवर सुरू केली तर?" तर ती जागेवरच आवाज करत उभी राहते, वेग घेत नाही. का, हे तिला मी सांगितलं नाही. शोधून ये म्हटलं. दोन दिवसांनी आली, अर्धं उत्तर घेऊन.

शेजारच्या मुलानं त्या काळ्या कॉइलींकडे फारसं बघितलंही नव्हतं, असं वर्गमित्रानं मला सांगितलं. तो बाजूला काढून ठेवलेला पंप घेऊन बसला होता. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकाच्या, कडा वाळूनं खाल्ल्या होत्या आणि बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, एकाच अंगानं घासला होता. त्यानं विचारलं, "काका, सगळीकडून सारखा का नाही घासला?" मग शाफ्ट लेथवर लावून डायल गेज ठेवला, तेव्हा काटा हलायला लागला. शाफ्ट किंचित वाकला होता.

एकच मोटार, एकाच टेबलावर. एकीचा प्रश्न एका बाजूला गेला, दुसऱ्याचा दुसऱ्या. आज भाची इलेक्ट्रिकलला आहे आणि तो मुलगा मेकॅनिकलला. ब्रँच निवडायची मला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली रीत हीच आहे: खरी वस्तू उघडा आणि आपण होऊन कोणता प्रश्न पडतो ते बघा.

आता हे तुम्ही कसं कराल ते सांगतो.

सीईटीची परीक्षा संपते तेव्हापासून कॉलेज-ब्रँचच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरेपर्यंत हातात बरेच दिवस असतात. त्यातले आठ दिवस काढा. चार दिवस मोटार भरायच्या दुकानात, चार दिवस लेथ असलेल्या वर्कशॉपमध्ये. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला ही दोन्ही दुकानं असतात. ट्रॅक्टरची, मळणीयंत्राची कामं तिथंच होतात. ओळखीच्या माणसाला घेऊन जा, मिस्त्रींना सरळ सांगा की मला इंजिनिअरिंगला जायचंय, आठ दिवस बघायला बसू द्या. बहुतेक जण आनंदानं बसू देतात, चहाही पाजतात. पहिल्या दिवशी झाडून काढा, पाने-पकडी हातात द्या, मध्ये बोलू नका. दुसऱ्या दिवसापासून विचारा. चालू लाईटवर हात लावायचा नाही, फिरत्या चकजवळ सैल बाही किंवा ओढणी न्यायची नाही, हे दोन नियम मोडायचे नाहीत. शंभर पानी वही ठेवा आणि त्यात फक्त प्रश्न लिहा, उत्तरं नंतर.

मोटारीच्या दुकानात हे बघा: २४ किंवा ३६ खाचांच्या स्टेटरमध्ये कोणती कॉइल कुठून निघून कुठे जाते, मिस्त्री जुनी मोटार सोडताना तारेचे वेढे का मोजतात, तारेचा गेज, म्हणजे जाडी, का मोजतात, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावल्यावर काय वाचतात. ३६ खाचा, तीन फेज, चार पोल (चुंबकाची टोकं), म्हणजे एका पोलखाली एका फेजच्या वाट्याला तीन खाचा. हा भागाकार आपण होऊन कागदावर मांडावासा वाटला, कॉइलींचा नकाशा वहीत काढावासा वाटला, तर ती मोठी खूण आहे.

लेथच्या वर्कशॉपमध्ये बेअरिंग हातात घ्या. समजा त्यावर ६२०६ असं लिहिलेलं आहे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा: ३०. त्या बेअरिंगचं भोक ३० मिलिमीटरचं. आता मिस्त्रींना विचारा की शाफ्ट बरोबर ३० चा का करत नाही. पक्क्या बैठकीसाठी तो २ ते १५ मायक्रॉन जास्त ठेवतात, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. मायक्रोमीटर शाफ्टवर फिरवून, डोळे बारीक करून ते माप मिळवताना तुम्हाला वेळेचं भान राहिलं नाही, तर तीही खूण आहे.

शहरातल्या मुलांना हे जमणार नाही असं नाही. छत्रपती संभाजीनगरला, जालन्याला, नांदेडला, लातूरला अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. तेही नसेल तर घरातला जुना मिक्सर, बंद पडलेला टेबल फॅन, जुनी सायकल आणि एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर सुरुवात होते. प्लग काढून, मगच उघडा.

फरक नेमका कुठे आहे

दोन्ही ब्रँचमध्ये कष्ट सारखेच. फरक आहे तो न दिसणाऱ्या गोष्टीशी तुमचं किती जमतं यात.

मेकॅनिकलमध्ये बिघाड बहुतेक वेळा दिसतो, ऐकू येतो, हाताला लागतो. गिअरबॉक्स गरम झालाय, बेअरिंग घरघरतंय, बेल्ट एका बाजूला सरकलाय. त्याचं कारण शोधायला बुद्धी लागतेच, पण सुरुवात इंद्रियांपासून होते. इलेक्ट्रिकलमध्ये तार चालू असो की बंद, दिसायला सारखीच. मीटर सांगेल तेच खरं, आणि मीटर कुठे लावायचा हे ठरवायला सगळं सर्किट डोक्यात उभं करावं लागतं. माझा इलेक्ट्रिकलचा सहकारी पॅनेलचं दार उघडण्याआधी पाच मिनिटं ड्रॉइंग घेऊन शांत बसतो. मी तोवर मशीनला कान लावलेला असतो. दोघंही काम करत असतो.

गणितातही हाच फरक उतरतो. इलेक्ट्रिकलमध्ये दुसऱ्या वर्षापासून नेटवर्क ॲनालिसिस, इलेक्ट्रिकल मशिन्स, पुढे पॉवर सिस्टिम, कंट्रोल सिस्टिम. तिथं काल्पनिक संख्या रोजच्या बोलण्यातल्या होतात, लाप्लास येतो, फेझर येतात. मेकॅनिकलमध्ये स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, थिअरी ऑफ मशिन्स, मशीन डिझाइन. गणित तिथंही भरपूर, पण ते आकृतीला धरून चालतं. बळ कुठून आलं, कुठे गेलं, ते चित्र काढता आलं की निम्मं गणित सुटलं. "मॅथ कच्चं आहे म्हणून मेकॅनिकल" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. कच्च्या गणितानं दोन्हीकडे त्रास होतो.

घरी करायची एक चाचणी सांगतो. बारावी बोर्डाचं फिजिक्सचं पुस्तक काढा. एका बाजूला रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स आणि थर्मोडायनॅमिक्सचे धडे, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन आणि एसी सर्किट्स. पर्याय न बघता, घड्याळ न लावता, धड्यामागची गणितं सोडवा. मार्क मोजू नका. चुकलेल्या कोणत्या गणिताकडे तुम्ही जेवण झाल्यावर पुन्हा वळलात, एवढंच लिहून ठेवा.

मग तीच पंपाची मोटार घेऊन दोन गणितं करा. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. ४१५ व्होल्टवर तीन फेज, पॉवर फॅक्टर ०.८५ आणि मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर साधारण ७ अँपिअर येतात. हे इलेक्ट्रिकलचं गणित. पाणी ४० मीटर उचलायचंय, पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर सेकंदाला किती लिटर? उत्तर साधारण ५ येतं. हे मेकॅनिकलचं. दोन्ही वावरात जाऊन ताडून बघता येतात, एक टाँग टेस्टरनं (तार न कापता करंट मोजायचा मीटर), दुसरं ड्रम आणि घड्याळानं. पुस्तकातलं उत्तर बोअरच्या तोंडाशी खरं ठरताना बघितलं की कोणत्याही लेकराचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ब्रँच निवडली म्हणजे दुसरी सुटली असं पालक समजतात. आमच्या एका ब्लोअरच्या मोटारीचं बेअरिंग आठ महिन्यांत तीनदा गेलं. माझ्याच हाताखाली बसवलं होतं, अलाइनमेंट मी स्वतः तपासली, ग्रीस बदललं. चौथ्यांदा जाऊ नये म्हणून जुनं बेअरिंग कापून बघितलं. आतल्या रिंगवर एकसारख्या आडव्या रेघा, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या. असं घासून होत नाही. मी ती रिंग इलेक्ट्रिकलच्या सहकाऱ्यापुढे ठेवली. त्यानं एक वाक्य विचारलं, "या मोटारीला ड्राइव्ह कधी बसवला?" बरोबर आठ महिन्यांपूर्वी. व्हीएफडी ड्राइव्हमुळे, म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणामुळे, शाफ्टवर व्होल्टेज तयार होत होतं आणि ते बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरातून ठिणगी मारत जमिनीत जात होतं. शाफ्टला अर्थिंगचा ब्रश आणि एका टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग बसवलं, त्यानंतर ती मोटार चार वर्षं चालली. बिघाड मेकॅनिकल, कारण इलेक्ट्रिकल. त्या दिवसानंतर मी दोन वर्षं त्याच्याकडून सर्किट वाचायला शिकलो. म्हणून ब्रँच ही मुख्य घर समजा. शेजारच्या घरात येजा राहणारच.

नोकरीचं काय

पालकांचा खरा प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे. वावर विकून, कर्ज काढून फी भरणारे बाप मी बघतो. म्हणून मोघम बोलत नाही.

आपल्या भागात दोन्हीला काम आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून, त्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची रांग. तिथं मेकॅनिकलची माणसं संख्येनं जास्त लागतात: मशीनिंग, डाय, क्वालिटी, प्रॉडक्शन. इलेक्ट्रिकलची कमी लागतात, पण एकही कमी पडून चालत नाही. जालन्याच्या स्टीलमध्ये भंगार वितळवायला इंडक्शन फर्नेस, म्हणजे पूर्ण विजेचं काम, आणि पुढे सळई ओढणारी रोलिंग मिल, म्हणजे पूर्ण मेकॅनिकल. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यांच्या घोषणा झाल्यात. घोषणा आणि गेटवरची भरती यात अंतर असतं, त्यामुळे नुसत्या बातमीवर ब्रँच ठरवू नका.

साखर कारखाना तर दोन्ही ब्रँचची शाळाच. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, कुठल्याही कारखान्यात हंगामात जाऊन बघा. उसाच्या मिल, बॉयलर, टर्बाइन इथपर्यंत मेकॅनिकल. टर्बाइनच्या पलीकडच्या टोकाला आल्टरनेटर लागला की तिथून इलेक्ट्रिकल. चिपाडावर वीज करून ग्रिडला देताना व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळल्याशिवाय ब्रेकर लावता येत नाही. तो क्षण एकदा बघायला मिळाला तर चुकवू नका. मेकॅनिकलवाल्यांना तिथं बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देऊन पुढे जाता येतं. इलेक्ट्रिकलवाल्यांना सुपरवायझरचा सरकारी परवाना काढता येतो, आणि स्वतःचं ठेकेदारीचं काम करायचं असेल तर तो फार उपयोगी पडतो.

सरकारी नोकरीबद्दल सरळ बोलतो. वीज मंडळाचं ६ जून २००५ ला विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती झाल्या. महावितरण आणि महापारेषणमध्ये इंजिनिअरची तांत्रिक पदं मुख्यतः इलेक्ट्रिकलची. महानिर्मितीत दोन्ही चालतात, कारण औष्णिक केंद्रात बॉयलर, टर्बाइन, पंप, कोळशाचे पट्टे हे सगळं मेकॅनिकल. २०१५ मध्ये खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. जनरेटर चांगले होते, तारा चांगल्या होत्या, पण वाफ थंड करायला पाणी नव्हतं. वीज म्हणजे फक्त इलेक्ट्रिकल नव्हे, हे परळीनं आपल्याला दाखवलंय. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याचं १२ मेगावॅटचं वीजघरही बघण्यासारखं. तिथलं यंत्र पाण्यानं फिरवलं की वीज देतं आणि उलट फिरवलं की पंप होऊन पाणी परत चढवतं. केंद्राच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसला, रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरला, गेट परीक्षेला दोन्ही ब्रँच आहेत. तेव्हा "सरकारी पाहिजे म्हणून इलेक्ट्रिकल" हे अर्धंच खरं.

"गाड्या इलेक्ट्रिक झाल्या, मेकॅनिकल संपलं" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा ऐकतो. इंजिन, क्लच, सायलेन्सर गेले हे खरं. पण चेसिस, सस्पेन्शन, ब्रेक, बॅटरी थंड ठेवायची व्यवस्था आणि हे सगळं तयार करणारे साचे, मशीन, रोबोचे हात राहिलेच. काम बदलतंय. मेकॅनिकलला जाणाऱ्यानं थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग शिकायलाच हवं, हे मात्र मी ठामपणे सांगेन. सोलरचंही तसंच. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेतून आता गावोगाव पॅनेल दिसतात. पॅनेलची क्षमता २५ अंशाला मोजलेली असते आणि त्यावर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज घटते. आपल्या एप्रिलच्या उन्हात पॅनेल ६५ अंशाला गेलं तर सोळा टक्के तिथंच गेले. हे इलेक्ट्रिकलवाल्यानं मोजायचं. वळवाच्या वाऱ्यात तो सांगाडा उभा राहील का, हे मेकॅनिकलवाल्यानं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. "मुलगी आहे, मेकॅनिकल नको, हातात पाना घेऊन कुठं फिरंल" आणि "इलेक्ट्रिकल नको, खांबावर चढावं लागतं" ही दोन्ही वाक्यं मी एकाच घरात, एकाच चहाच्या वेळेला ऐकली आहेत. इंजिनिअरचं काम खांबावर चढणं नाही, आणि पाना हातात घेण्यात कमीपणा नाही. माझ्या खात्यातली सगळ्यात नेमकी व्हायब्रेशन रीडिंग घेणारी इंजिनिअर बीड जिल्ह्यातली मुलगी आहे, मेकॅनिकलची. फीचं म्हणाल तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूपुढे रांग लागते.

कॉलेज बघताना आणि फॉर्म भरताना

कट-ऑफवरून ब्रँचचा दर्जा ठरवू नका. त्या वर्षी किती जणांनी ती मागितली, एवढंच त्यावरून कळतं.

कॉलेज मात्र स्वतः जाऊन बघा. संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं, नांदेडच्या विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंद सिंघजी १९८१ चं, ही आपल्या भागातली जुनी ठिकाणं. दोन्हीकडे या दोन्ही ब्रँच आहेत. बाकी कुठंही गेलात तरी गेटवरच्या फलकापेक्षा लॅब बघा. इलेक्ट्रिकलच्या मशीन लॅबमध्ये मोटारीच्या शाफ्टवर हात फिरवा. धूळ निघाली तर ती फिरत नाही. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली ताजा बुरा आहे का बघा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट तुम्ही स्वतः केली का बघितली? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यावरून कळतं. मी एका कॉलेजात गेलो तेव्हा सगळ्या मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर होतं आणि टाचणीनं लावलेलं उद्घाटनाचं कार्ड तसंच होतं. तिथून मी पुतण्याला घेऊन बाहेर आलो.

कॉलेज चांगलं आणि ब्रँच दुसरी, की ब्रँच हवी ती आणि कॉलेज मधलं? माझं मत: लॅब चालू असतील तर ब्रँच धरा. चार वर्षं दररोज सकाळी तुम्हाला त्या विषयापुढे बसायचंय.

ऑप्शन फॉर्म भरताना क्रम खऱ्या आवडीनं लावा, "आपल्याला हे लागणार नाही" म्हणून चांगला पर्याय खाली ढकलू नका. पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत काय लिहिता ते शंभरदा बघा. त्या वर्षीचं नियमपत्रक सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून काढून स्वतः वाचा, कॅफेवाल्यावर सोडू नका. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) वेगळे कोड फॉर्ममध्ये टाका, त्यात शिक्षण शुल्क माफ असतं. पण त्या जागेवर गेलेल्याला नंतर ब्रँच बदलता येत नाही, म्हणून तिथं दुप्पट विचार करा.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचा विचार असेल तर तोही रस्ता चांगला. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. हात आधी तयार होतो. माझ्या खात्यातले निम्मे लोक या वाटेनं आलेत.

निवड चुकलीच असं वाटलं तर पहिल्या वर्षातच बोला. पहिलं वर्ष दोन्ही ब्रँचना बरंचसं सारखं असतं, आणि अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर, जागा रिकामी असेल तर, ब्रँच बदलून मिळते. तिसऱ्या वर्षापर्यंत मनात ठेवून बसलेली लेकरं मी पाहिलीत. त्यांना फार जड जातं. तिथंही वाट असते: ऐच्छिक विषय, मेकाट्रॉनिक्स, प्रोजेक्ट दुसऱ्या ब्रँचच्या मित्रासोबत. घरच्यांनी तेवढं ऐकून घ्यावं.

गेल्या दिवाळीत मी गावी होतो. भाची आणि तो शेजारचा मुलगा दोघंही सुट्टीला आलेले. बोअरवर गेलो तर म्हणाले, पाणी कमी यायलंय. त्यानं २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवला आणि मोबाइलवर वेळ लावली. ५३ सेकंद. मोटार भरून आणली तेव्हा ४० लागले होते, त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. तो म्हणाला, इम्पेलर खाल्लाय. ती म्हणाली, थांब, आधी व्होल्टेज बघते. स्टार्टरचा दरवाजा उघडून तिनं तिन्ही फेज मोजले: ४०८, ४१०, ४०७. टाँग टेस्टर एकेका वायरवर लावला, करंट तिन्हीत सारखा, आधीपेक्षा थोडा कमीच. मग मान डोलावून म्हणाली, "तुझंच खरं. वर काढ पंप."